मोटारीच्या इंजिनाची मशागत

खानदेशांत मोटारगाडीची परीक्षा दोन गोष्टी घेतात : वैशाखांतील ऊन आणि घाटांतील चढ. धुळें हें मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चव्हाट्यावर वसलेलें. जळगांव त्यांतील दुसऱ्या मार्गावर. पारोळें-एरंडोलच्या सपाट रस्त्यानें डौलांत धांवणारी जुनी गाडी चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढूं लागली कीं तिला धाप लागते. आंत मुलेंबाळें, डिकींत सामान, रेडिएटरच्या पाण्याला उकळी आणि मागून ट्रकांचे भोंगे ! अशा वेळीं मालकाच्या मनांत एक प्रश्न हटकून उभा राहतो : इंजिन न बदलतां त्याची शक्ति थोडी वाढवितां येईल काय ? येते, परंतु त्या ‘थोडी’चा हिशेब आधीं मांडलेला बरा. या कामांत पैसा तर जातोच, पण कधीं कधीं इंजिनही जातें.

उदाहरणादाखल पद्मिनी घ्यावी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ती बाहेर पडत असे. मूळच्या इटालियन फियाट ११०० ची ही भारतीय लेक. तिचें उत्पादन थांबून बराच काळ लोटला, तरी तिला जपणारीं घरें अजून आहेत. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आणि शक्ति सुमारें ४० अश्वांची.

इंजिन पेट्रोल पितें असें आपण म्हणतों. वास्तविक तें मुख्यतः हवा पितें. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. म्हणून सिलिंडरांत हवा किती शिरते यावर शक्ति ठरते. हवा तापली कीं विरळ होते. १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेंत मावणाऱ्या हवेचें वजन सुमारें ९ टक्क्यांनीं घटतें. जळगांवच्या मे महिन्यांत गाडी मंदावते तिचें एक कारण हें. आणि बॉनेटखालची हवा तर बाहेरच्याहून कितीतरी गरम. तेव्हां पहिली मशागत अगदीं साधी : हवेचा फिल्टर धुळीनें माखूं देऊं नये, आणि शोषनळीचें तोंड रेडिएटरच्या मागील गरम हवेकडे न ठेवतां पुढील थंड हवेकडे वळवावें.

दुसरी मशागत ठिणगीची. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत सेकंदास १०० ठिणग्या पडतात. पेट्रोलची वाफ स्फोटासारखी एकदम पेटत नाहीं. ज्वाळा पसरण्यास एका सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात, आणि त्या गतीला एका सहस्रांशांत भुजदंड १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोंचण्यापूर्वींच ठिणगी पडली पाहिजे. ती उशिरां पडली तर शक्ति धुरांड्यांतून वायां जाते; फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनावर आघात होतो आणि कडकड आवाज येतो. गॅरेजांत त्याला नॉकिंग म्हणतात. घाटांत, उन्हांत, वरच्या गिअरांत गाडी रेटतांना हा आवाज ऐकूं आला तर तत्काळ पाय सैल करावा आणि गिअर उतरवावा. दुर्लक्ष केल्यास पिस्टनच्या माथ्याला भोंक पडूं शकतें. झिजलेले पॉइंट, काजळलेले प्लग आणि चुकलेलें टायमिंग नीट केलें म्हणजे हरवलेले तीनचार अश्व पुष्कळदां तबेल्यांत परत येतात. ही वाढ नव्हे, वसुली आहे.

तिसरी गोष्ट तपासणीची. प्रत्येक सिलिंडरचें कॉम्प्रेशन मापून पाहावें. एखादा सिलिंडर इतरांहून बराच खालीं असेल तर झडप, रिंग किंवा गॅस्केट गळत आहे असें समजावें. तो दोष काढल्याविना पुढील सर्व खर्च गाळांत पाणी ओतण्यासारखा.

यानंतर येतें तें हेड फेसिंग. सिलिंडरच्या हेडचा तळ खरवडून पातळ केला कीं ज्वलनाची जागा लहान होते आणि वायु अधिक दाबला जातो. समजा, या मापाच्या इंजिनांत वायु साडेसात पट दाबला जात आहे. मग प्रत्येक हेडखालीं उरणारी जागा सुमारें ४२ घन सेंटिमीटर. एक मिलिमीटर धातु काढल्यास ती सुमारें साडेतीन घन सेंटिमीटरांनीं घटते, आणि दाब आठपटीच्या किंचित वर जातो. शास्त्राच्या सूत्राप्रमाणें यांतून होणारा लाभ सुमारें अडीच टक्के. म्हणजे चाळिसांत एक अश्व! याच्या बदल्यांत नॉकिंगचा धोका वाढतो, आणि खरवडलेला धातु पुन्हां चिकटवितां येत नाहीं. उलट प्रवासी धरून १२०० किलो भरणाऱ्या गाडीच्या डिकींतून ६० किलोंचें अनावश्यक सामान उतरविलें तर चढावरचा भार पांच टक्क्यांनीं हलका होतो. त्याला खर्च कांहींच नाहीं. सायलेन्सर काढून आवाज वाढविणें हा तर निव्वळ भ्रम. गर्जना वाढते, गति नव्हे.

इंधनही आतां बदललें आहे. शिशाचें पेट्रोल देशांतून २००० सालीं हद्दपार झालें. जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट झडपांच्या बैठकींना त्या शिशाचें कवच मिळत असे. म्हणून हेड उघडलेंच तर कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणें शहाणपणाचें. पुढें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आलें. इथेनॉल नॉकिंगला चांगला आळा घालतें, हा त्याचा गुण. पण त्याच्या ज्वलनास वजनानें ९ भागच हवा पुरते. मिश्रणाचें प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतें. नव्या गाड्यांचा संगणक हें ओळखून इंधन वाढवितो. जुन्या कार्ब्युरेटरला तें कळत नाहीं. त्यामुळें मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळतें. जाणत्या फिटरकडून जेट बदलून घ्यावें आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या टाकून द्याव्या, कारण इथेनॉलनें त्या फुगतात, चिरतात. आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे आगीला आमंत्रण.

संगणकाच्या नव्या गाडींत हीच मशागत प्रोग्रॅम बदलून करतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला त्यांतून फारसें मिळत नाहीं. टर्बोच्या इंजिनाला मिळतें, पण क्लच आणि गिअरबॉक्स यांवरील ताणही वाढतो, आणि कंपनीची हमी गमावण्याची पाळी येते.

कायद्याचें बंधनही ध्यानांत असावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटीशीं विसंगत ठरणाऱ्या फेरफारांस मनाई करतें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हेंच बजावलें. गाडी धुळ्याच्या एमएच १८ क्रमांकाची असो वा जळगांवच्या एमएच १९ ची, देखभाल आणि फेरफार यांतील सीमारेषा ओलांडण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारलें पाहिजे.

शेवटीं, झालेला लाभ कानांनीं मोजूं नये. एका वेळीं एकच बदल करावा. सकाळच्या थंड वेळीं, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, तेवढेंच ओझें घेऊन, वरच्या गिअरांत गाडी ताशीं ४० वरून ६० किलोमीटरांवर येण्यास किती सेकंद लागतात तें शेजारीं बसलेल्यानें घड्याळावर पाहून वहींत टिपावें. पेट्रोलचा हिशेबही लिहावा. आणि तत्पूर्वीं ब्रेक, टायर व रेडिएटर तपासून घ्यावे. कारण कन्नडचा घाट जो चढतो, त्याला तो उतरावाही लागतो.