कॅसेटीतील संचित व त्याची नक्कल

दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाच्या यंत्राला दिंडोरीत काय किंवा पुण्या-मुंबईत काय, ‘व्हिडिओ गेम’ हेच नाव पडले, आणि त्यात बसवावयाच्या खोक्यास लोक ‘कॅसेट’ म्हणू लागले. वस्तुतः या कॅसेटीत चुंबकीय फीत नसते, इलेक्ट्रॉनिक चिपा असतात. हा अर्थविस्तार भाषाभ्यासकास नवा नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय वेगळा आहे. खेळाडूने वर्षानुवर्षे खेळून कॅसेटीच्या पोटात साठविलेली प्रगती नष्ट होण्यापूर्वी तिची नक्कल कशी करावी, हा तो विषय होय.

प्रगती टिकविण्याचा एक जुना मार्ग लेखनाचा होता. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळात खेळाडूची सारी स्थिती वीस जपानी अक्षरांच्या एका ‘मंत्रा’त गोवली जाई, आणि तो वहीत उतरवून घ्यावा लागे. अक्षरे चौसष्ट प्रकारची असल्याने प्रत्येकात सहा बिटे मावत, म्हणजे एकंदर १२० बिटे. त्यांतील काही पडताळणीसाठी राखलेली असत. एक अक्षर चुकले की मंत्र नाकारला जाई. पुढील वर्षीच्या दुसऱ्या भागात मंत्राची लांबी ५२ अक्षरांपर्यंत गेली, आणि सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी मुलांना रडविले. ‘घ’ व ‘ध’ यांच्या घोटाळ्याने पोथ्यांत पाठभेद कसे शिरतात, हे जाणणाऱ्यास याचे नवल वाटू नये. वैदिकांनी जटा व घन या पाठांत पदे उलटसुलट पुन्हा म्हणून जे साधले, तेच येथे पडताळणीची बिटे साधतात. फरक इतकाच, की पाठ परंपरेत चूक सुधारताही येते, येथे ती केवळ उघड होते.

दुसरा मार्ग सेलाचा. १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटीत वीज असेतोवरच स्मरण ठेवणारी चिप आणि तिला सतत जागी ठेवणारा बटणासारखा तीन व्होल्टांचा सेल, अशी जोडी होती. सेलाचा दाब मर्यादेखाली उतरला की संचित गेले. उष्णतेने सेलाचा ऱ्हास वेगाने होतो. तेव्हा पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेटीस नाशिक जिल्ह्यातील उन्हाळे मानवत नाहीत. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या कॅसेटींत त्याच सेलावर घड्याळही चालते; म्हणून त्या आधी थकतात.

वीज अकस्मात जाणे हाही एक शत्रू होय. पुरवठा कोसळत असताना गोंधळलेला प्रोसेसर स्मृतीत भलतेच काही लिहून जाऊ शकतो. म्हणूनच ‘झेल्डा’ बंद करताना ‘रीसेट’ची कळ दाबून धरण्याची सूचना होती. भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागातील खेळाडूस ही सवड कोठून मिळावी? अर्थात्, आपल्याकडे खपलेल्या अनेक नकली कॅसेटींत सेलच नसे. तेथे गमावण्यासारखेही काही नव्हते.

आता नक्कल. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. जुना सेल काढताच संचित पुसले जाते. यास्तव सेल बदलणे हे पहिले काम नव्हे. प्रथम कॅसेटीच्या टोकांवरील धातूचे संपर्क स्वच्छ करावेत. नंतर संगणकास जोडावयाच्या वाचक-यंत्रात कॅसेट बसवून संचिताची फाइल उतरवावी. ‘पोकेमॉन रेड’सारख्या खेळात ती अवघी ३२ किलोबाइटांची असते. वाचन दोनदा करून दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. त्यांत भेद आढळल्यास संपर्क सदोष समजून पुन्हा वाचावे. फाइल संगणकावरील अनुकारी प्रणालीत उघडून खेळ जेथे सोडला होता तेथूनच सुरू होतो, याची खात्री झाल्यावर मगच डाग उकलून जुना सेल काढावा. नवा सेल पाते जोडलेला घ्यावा; उघड्या सेलास थेट डाग देणे धोक्याचे असते. शेवटी तीच फाइल वाचक-यंत्रातून कॅसेटीत परत लिहावी. घड्याळ असलेल्या कॅसेटीत वेळ मात्र बहुधा नव्याने लावावी लागते.