पाळीची कळ आणि चिनी सुई

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांचे कारखाने आहेत. बियाणांच्या कंपन्या आहेत. बियाणे निवडायला, पाकिटे भरायला आसपासच्या गावांतून बाया येतात. पाळीच्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, कंबर मोडून येते. तरी बाई घरी राहत नाही. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. मग कोणी सांगते, "अगं, शहरात सुया टोचतात, त्याने गुण येतो." कोणी सांगते, "पिशवीच काढून टाक. कटकट मिटेल." यातले खरे किती, ते आपण पाहू.

आधी कळ का येते ते समजून घेऊ. गर्भ राहिला नाही की पिशवीच्या आतले अस्तर सुटते. ते बाहेर टाकण्यासाठी पिशवी आवळते आणि सैल होते. ओला पंचा पिळावा तशी. पिशवीला आवळायला लावणारा एक पदार्थ त्या अस्तरातच तयार होतो. तो जास्त झाला की पिशवी फार आवळते, तिचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. त्याच पदार्थाने मळमळते, जुलाबही होतात. म्हणजे बाई सोंग करत नाही.

पाळीच्या आधी आठ-दहा दिवस काहींची चिडचिड होते. रडू येते, छाती भरून दुखते, अंग जड होते. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच तसा. तो स्वभाव नव्हे. शरीरातील रसांच्या चढउताराने असे होते. पाळी आली की ते ओसरते.

आता सुईकडे वळू. या उपचाराला ॲक्युपंक्चर म्हणतात. तो मूळचा चीनचा. चीनशी आपले जुने नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेले. १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्याबरोबर गेलेले बंगालचे डॉ. विजयकुमार बसू परत आले. पुढे ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली.

ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती केसासारखी बारीक व भरीव असते. तिच्यात औषध नसते. पाय, पोट, हात यांवरच्या ठराविक जागी ती टोचतात आणि वीस-तीस मिनिटे तशीच ठेवतात. जुने चिनी वैद्य म्हणत, अंगात 'ची' नावाची शक्ती वाहते, ती अडली की दुखते. आजचे डॉक्टर म्हणतात, टोचल्याने मज्जातंतू जागे होतात आणि मेंदू दुखणे कमी करणारे पदार्थ सोडतो.

पण गुण येतो का? पाळीच्या दुखण्यावर याच्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. काही बायांना आराम पडला. मात्र चाचण्या लहान होत्या आणि पुष्कळशा नीट केलेल्या नव्हत्या. काही चाचण्यांत मुद्दाम खोटी सुई लावली, तरी दुखणे कमी झाले. म्हणून आम्ही म्हणतो, ऐपत असेल तर करून पाहा, पण कर्ज काढून नको.

करायचे तर दोन गोष्टी पाहा. सुई नवी, बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी. वापरलेल्या सुईने कावीळ किंवा एचआयव्ही होऊ शकतो. दुसरे, महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा कायदा आहे. टोचणाऱ्याची नोंद राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडे आहे का, ते विचारा. लाजू नका. गरोदर असाल तर आधीच सांगा.

चिनी जडीबुटीच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. पुडीत काय काय कुटले आहे ते आपल्याला कळत नाही.

घरचा उपाय स्वस्त आहे आणि चांगला आहे. गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेका. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिडची गोळी तो आवळणारा पदार्थच कमी करते. कळ सुरू होताच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

पण दर वर्षी कळ वाढत असेल, तासाला कपडा भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर गोळीवर भागवू नका. पिशवीत गाठ असू शकते. पिशवीचे अस्तर बाहेरही वाढलेले असू शकते. पाळी चुकून मग जोराची कळ आली, चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे सुईत वेळ घालवणे जिवावर बेतेल.

आता पिशवी काढण्याविषयी. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळ बाया तरुण होत्या. पाळी नको, खाडा नको, म्हणून ऑपरेशन. त्यासाठी मुकादमाकडून उचल, आणि ती फेडायला पुन्हा ऊसच. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर तिशीतच पाळी गेलेल्या बाईसारखे होते. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात. कर्करोग, मोठी गाठ अशा कारणांनी ऑपरेशन लागते, तेव्हा ते करावेच. नुसत्या कळेसाठी नव्हे.

म्हणून कोणी "काढा" म्हटले की सोनोग्राफीचा कागद मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. जालन्यात गांधी चमनला सरकारी स्त्री रुग्णालय आहे. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर त्या विम्यातूनही उपचार मिळतो. जाताना तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती दिवस रक्त गेले आणि कळ कोणत्या दिवशी आली, हे कागदावर लिहून न्या. आता लिहिता येतेच आहे.