जुना संगणक टाकावा की जपावा?

धर्मग्रामाच्या कचेरीत आणि आपल्या शाळांत आज स्नानसंस्काराच्या दाखल्यापासून परीक्षेच्या निकालापर्यंत बरीच कामे संगणकावर होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. चांगला चालणारा संगणक आता मोडीत काढावा काय, हा प्रश्न त्यामुळे नागपुरातही अनेक संस्थांपुढे उभा आहे. त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

२०२१ साली आलेल्या 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या जपणारी सोय लागते. इंटेलचा प्रोसेसरही साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१६ साली घेतलेला संगणक सुस्थितीत असूनही अपात्र ठरतो. तो बंद पडत नाही. परंतु प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी नियमितपणे बुजवल्या जात नाहीत आणि इंटरनेटला जोडल्यास धोका वाढत जातो.

उत्पादकांची बाजूही समजून घ्यावयास हवी. प्रत्येक जुन्या यंत्रावर नवी प्रणाली तपासणे खर्चाचे असते. विनामूल्य असलेल्या 'डेबियन'नेही ऑगस्ट २०२५ मधील १३व्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांवर नव्याने प्रणाली बसविण्याची सोय बंद केली. तेव्हा आधार अनंत काळ मिळावा, असा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु वीस वर्षांचे यंत्र आणि नऊ वर्षांचे यंत्र यांत भेद आहे. नव्या सुविधा न मिळाल्या तरी चालेल. सुरक्षेची दुरुस्ती मात्र यंत्र वापरात असेतोवर मिळावी, हे न्यायाला धरून आहे. अन्यथा त्या निर्णयाचा भार ज्याला नवे यंत्र परवडत नाही, त्याच्यावरच पडतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात 'वापरा आणि फेका' या वृत्तीवर टीका केली आणि योग्य हेतूने केलेल्या पुनर्वापराला प्रेमाची कृती मानले. हा विचार संगणकालाही लागू पडतो.

मग करावे काय? प्रथम सर्व नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. संगणक ६४-बिट असल्यास त्यावर लिनक्स बसवून पाहावे. सी-डॅकच्या 'बॉस' या भारतीय प्रणालीत मराठीची सोय आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. केवळ दाखले छापण्यासाठी लागणारे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावे. जे खरोखर निकामी झाले असेल, त्याची डिस्क पुसून ते नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे.

नोंदवहीतील प्रत्येक नाव ही ख्रिस्तसभेकडे सोपविलेली ठेव आहे. ती सुरक्षित राहावी आणि सृष्टीवर कचऱ्याचा भारही वाढू नये, या दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याच आहेत.