आधी नळकांडी, मग प्रकल्प

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत सुमारे 25 लाख लोकांची तहान भागवणाऱ्या भूजलात ‘पीफास’ रसायने आढळली. नॉन-स्टिक भांड्यांपासून आग विझवण्याच्या फेसापर्यंत वापरलेली ही रसायने उकळून जात नाहीत, क्लोरीनलाही दाद देत नाहीत. तिथल्या जल प्राधिकरणाने डिसेंबर 2019मध्ये प्रायोगिक चाचणी सुरू केली. विहिरीचे पाणी उभ्या नळकांड्यांतून सोडले. काहींत दाणेदार सक्रिय कार्बन, काहींत आयन-विनिमय रेझिन, काहींत नवी शोषके.

यातले कोणते माध्यम सरस, याचा निवाडा प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावर होत नाही. खऱ्या भूजलातले नायट्रेट, सल्फेट, सेंद्रिय द्रव्येही शोषकावरच्या त्याच जागा बळकावतात. म्हणून रसायन थर ओलांडून बाहेर कधी पडते, हे महिनोन्महिने नमुने तपासूनच कळते. त्यावरून माध्यम कधी बदलायचे आणि खर्च किती, हे ठरते. रेझिन महाग, पण ते झटपट काम करते, त्यामुळे टाक्या लहान पुरतात.

2024मध्ये अमेरिकेने पीफासपैकी दोन प्रमुख रसायनांना लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या काटेकोर मापात निवड चुकली, तर भुर्दंड पाणीपट्टीतूनच वसूल होतो.