पाच पूर्ण

सकाळचे पावणेदहा. वाईहून साताऱ्याला निघालेली एसटी पाचवडला थांबते आणि उभ्या गर्दीत आणखी आठ-दहा जण घुसतात. "मागं सरका, मागं मोकळं आहे!" कंडक्टर ओरडतो. माझ्या शेजारी एक तरुण आई अंग चोरून टेकते. मांडीवर पोरगं, काखेत दवाखान्याची फाईल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. पोराच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, तिथे सेफ्टी पिन लावलीये.

"सातारा एक, मास्तर."

"आणि पोराचं?"

"त्याला पाच पूर्ण नाहीत."

पाचाच्या आतल्या मुलाला एसटीत तिकीट लागत नाही; पाच ते बारा अर्धं. बायकांनाही 17 मार्च 2023 पासून अर्धंच. म्हणजे पोराचं तिकीट काढलं, तर आईच्या तिकिटाएवढेच पैसे पुन्हा मोजायचे.

"झाली की!" पोरगं ठणठणीत आवाजात सांगतं आणि पाची बोटं मास्तरांच्या तोंडापुढं धरतं. "मी केक कापला."

आईचा हात खाली जातो. चिमटा मला स्पष्ट दिसतो. पोरगं रडत नाही. उगारलेली बोटं मात्र एकेक करून मिटतात, अंगठा सगळ्यात शेवटी.

मास्तर क्षणभर थांबतात. "पुढनं जाऊन येतो, ताई. तोवर बघा." आणि पुढं सरकतात.

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. पिशवीत आजच्या तासाची वही आहे, आणि तास नेमका याच विषयावर आहे: माणसाला बरं-वाईट कधी आणि कसं कळू लागतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेनं स्वित्झर्लंडमध्ये मुलांबरोबर गोट्या खेळत, त्यांनाच खेळाचे नियम विचारत हा अभ्यास केला. पुस्तक आलं 1932 साली. तो मुलांना दोन गोष्टी सांगायचा. एका मुलानं दार उघडलं आणि दारामागचे 15 कप नकळत फुटले. दुसऱ्यानं आईच्या नकळत जॅम काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुतेक 15 कपवाल्याकडे बोट दाखवतात. हेतू पाहायला मूल पुढं शिकतं.

या पोरानंही खरेपणा म्हणून खरं सांगितलेलं नाही. पाच हा त्याच्यासाठी मोठा आकडा आहे, त्याचा त्याला अभिमान आहे. मानसशास्त्रज्ञ कोहलबर्गनं सांगितलेल्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्यांचा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढते. सगळ्यात खालची पायरी अशी की ज्याची शिक्षा होते, ते वाईट. त्या पायरीवर उभ्या असलेल्या पोराला आज चिमटा बसलाय तो खरं बोलल्याचा. आणि ही आई वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या मुठीतल्या घड्या घातलेल्या नोटा मला दिसतायत, फाईलही दिसतेय.

पुढच्या सीटवरच्या आजोबांचं आधार कार्ड मास्तर उलटसुलट बघतात. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट असतो. "दीड महिनाच राहिला की, आजोबा. राहू दे, चालतंय."

"नाही चालत. अर्धं फाड."

मास्तर तिकीट देतात. आजोबा मागं वळतात. आवाजात रागाचा लवलेश नाही.

"पोरी, ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आन् आम्ही गावाकडं आलो. थोरल्याला मी एसटीत दोन वर्षं साडेचारचाच ठेवला होता."

ती मान वर करते. "मग?"

"तवा काय वाटलं नाही. खायचे वांधे होते. पण पुढं शाळेत गुरुजींनी वय विचारलं, की ते पोरगं आधी माझ्या तोंडाकडं बघायचं. आन् मग सांगायचं." ते थोडा वेळ गप्प राहतात. "ते अजून दिसतं मला."

एवढं बोलून आजोबा खिडकीकडे तोंड करतात. नवऱ्याला बायकोच्या औषधासाठी चोरी करावी का, हा कोहलबर्गचा प्रश्न माझे विद्यार्थी दोन मिनिटांत सोडवतात. या माणसाला त्याचं उत्तर मिळायला चाळीस वर्षं लागली आहेत, आणि ते माझ्या तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आनेवाडीचा टोलनाका मागं पडतो. मास्तर परत येतात. आई मुठीतल्या नोटा उलगडते, दोनदा मोजते.

"एक माझं. आणि एक हाफ, ह्याचं."

मशीन दोनदा करकरतं. पोरगं तिकिटाकडे बघत नाही, आईच्या तोंडाकडे बघतं. "आई, मला किती झाली?"

"पाच," ती म्हणते. मग त्याच्या मांडीवर, चिमटा काढला होता तिथेच, हात फिरवते. "पाच पूर्ण."

माझा तास अकराला आहे. तक्ता आज मी नंतर काढणार आहे.