टिचक्या मारूनही बाटली उतू का जाते?

गेल्या मे महिन्यात मुरबाडला माझ्या भाईजानच्या मुलीची मंगनी होती. मी शहापूरला राहते. ओळखीच्या दुकानातून थंड पेयाच्या बाटल्यांची दोन खोकी घेतली, टेम्पोत मागे ठेवली आणि किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने आम्ही निघालो. दुपारची वेळ, वरून ऊन आणि खाली खड्डे. पोचलो तेव्हा पाहुणे आलेलेच होते. बाटल्या गार करायला सवड कुठली? भाईजानचा तेरा वर्षांचा मुलगा पुढे झाला आणि बाटल्या उघडू लागला. पहिलीच बाटली अशी फसफसली, की मुलाच्या अम्मीची फिकट दुपट्ट्याची कड तपकिरी होऊन गेली.

मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, "अरे, उघडण्याआधी टिचक्या मारायच्या असतात, एवढंही कळत नाही?"

"फुप्पी, मारल्या होत्या की!"

"उलट बोलू नकोस."

तो गप्प झाला. रात्री दस्तरख्वानवर तो माझ्या शेजारी बसला नाही. नेहमी बसतो.

घरी परतल्यावर ते मनाला लागून राहिलं. त्याने खरंच टिचक्या मारल्या असतील तर? ही युक्ती मला कोणी शिकवली ते आठवत नाही. कोणी बाटलीच्या बुडावर मारतं, कोणी बाजूला, कोणी झाकणावर. मी स्वतः ती कधी तपासून पाहिली होती का? मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. तरी पोरावर ओरडण्यापूर्वी एवढं तरी पाहायला हवं होतं.

स्वयंपाकघरातली परीक्षा

सुट्टीतच मी त्याला शहापूरला बोलावलं. एकाच खोक्यातल्या आठ छोट्या बाटल्या घेतल्या. टिचक्या कोणत्या चार बाटल्यांना मारायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे आपल्या मनाचा कल त्यात यायला नको. प्रत्येक बाटली वीस वेळा हलवली, परातीत ठेवून उघडली आणि परातीत सांडलेलं मापाच्या पेल्यात ओतून पाहिलं. आठही बाटल्या उतू गेल्या. टिचकी मारलेल्या आणि न मारलेल्या बाटल्यांत आम्हाला काही फरक दिसला नाही.

पण आठ बाटल्यांवरून निकाल देता येत नाही. असाच प्रयोग डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2019 साली मोठ्या प्रमाणावर केला. त्यांनी 330 मिलिलिटरचे बियरचे डबे वापरले. बियर आपल्याला हराम आहे, पण त्यातला वायू आणि आपल्या कोल्ड्रिंकमधला वायू एकच. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डब्यांचे चार गट पाडले: हलवलेले आणि न हलवलेले, त्या दोन्हींत टिचकी मारलेले आणि न मारलेले. हलवायचे डबे दोन मिनिटं हलवले. टिचकीच्या गटात एका बोटाने डब्याच्या बाजूला तीनदा टिचकी मारली. उघडण्याआधी आणि नंतर प्रत्येक डब्याचं वजन केलं. अशा 1000 डब्यांचा हिशेब मांडला. हलवल्याने पेय जास्त सांडतं हे दिसलं, पण टिचकीने ते वाचतं असं काही दिसलं नाही.

फेस येतो कशाने?

कंपनीत पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने विरघळवतात. झाकण बंद असेपर्यंत तो पाण्यात कोंडून राहतो. बाटली हलवली की आतला दाब फार वाढतो, असं आपल्याला वाटतं. खरं कारण वेगळं आहे. बाटलीच्या मानेतला मोकळा वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात घुसळला जातो. झाकण उघडताच दाब उतरतो, विरघळलेला वायू या बुडबुड्यांत शिरतो, ते झटकन फुगतात आणि वर येताना पेयालाही बाहेर ढकलतात.

लिंबू सोड्यात मीठ टाकल्यावर ग्लास फसफसतो, त्याचं कारणही जवळचंच. मिठाच्या खडबडीत कणांवर वायूला बुडबुडे धरायला जागा मिळते.

टिचकीमागचा तर्क तसा अगदीच चुकीचा नाही. काठाला चिकटलेले बुडबुडे सुटून वर जावेत, म्हणजे उघडताना ते तळातून पेय ढकलणार नाहीत, असा तो आहे. पण पेयात पसरलेले असंख्य बारीक बुडबुडे दोन-तीन टिचक्यांनी वर येत नाहीत. मग ही युक्ती लागू पडते असं का वाटतं? टिचक्या मारण्यात, बोलण्यात थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात काही बुडबुडे आपोआप वर येतात. शिवाय बाटली उतू गेली नाही की श्रेय टिचकीला, आणि गेली की दोष उघडणाऱ्याला! मी नेमकं हेच केलं होतं.

मग उपाय काय?

आणखी दोन बाटल्या हलवून आम्ही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. हळूहळू उघडल्या, काहीच सांडलं नाही. मी खूश झाले. भाचा म्हणाला, "फुप्पी, आपण थांबलो पण आणि गार पण केलं. कशामुळे झालं ते कसं कळणार?" प्रश्न बरोबर होता. म्हणून एक बाटली हलवून नुसती सावलीत ठेवली. तीही नीट उघडली. म्हणजे थांबणं हाच पहिला उपाय.

गारव्याचाही उपयोग आहेच. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात हा वायू सुमारे 1.7 लिटर मावतो, 25 अंशांना जेमतेम पाऊण लिटर. म्हणून उन्हात तापलेली बाटली जास्त उसळते. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेत गोटी सोडावाला बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवतो, ते नुसतं चवीसाठी नव्हे.

दावतीच्या दिवशी एवढं सांभाळा. बाटल्या आदल्या दिवशीच आणून ठेवा. प्रवासातून आल्या असतील तर अर्धा-पाऊण तास हलवू नका, जमल्यास गार करा. फिरकीचं झाकण थोडं सैल करा, सूं आवाज थांबू द्या, फेस वर चढू लागला तर पुन्हा आवळा. बाटलीचं तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे नको, उडालेलं झाकण डोळ्याला इजा करू शकतं. आणि काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात विसरू नका, पेय गोठून ती फुटते.

पुढच्या रविवारी मी मुरबाडला गेले. भाईजान, भाभी, अम्मी सगळे बसलेले असताना भाच्याला म्हटलं, "बेटा, त्या दिवशी चूक माझी होती. गरम, हलवलेल्या बाटल्या मीच आणल्या आणि ओरडले तुझ्यावर. मला माफ कर." तो लाजला. मग म्हणाला, "फुप्पी, निकाहच्या बाटल्या मीच आणीन. आदल्या दिवशी." आणि जेवायला माझ्या शेजारी येऊन बसला.