पैसा पाहुण्यांचा, भांडण घरचं

परदेशातून पैसा आला असं कळलं की आपल्याकडे 'किती?' याच्या आधी 'कशासाठी?' असं विचारलं जातं. हा प्रश्न रास्तच आहे. १९६७ साली 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेला अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा मिळत होता, हे जगजाहीर झालं. मुंबईतून चालणाऱ्या तिच्या भारतीय शाखेत विचारस्वातंत्र्याची मनापासून चाड असणारी माणसं होती. त्यांची विनाकारण पंचाईत झाली.

नेमक्या त्याच सुमारास पाचगणीत, कृष्णेच्या खोऱ्याच्या कडेला जांभ्याच्या उघड्या माळावर, एक केंद्र उभं राहत होतं. त्याचं नाव 'एशिया प्लॅटो'. चळवळीचा उगम परदेशी. देणग्या देणाऱ्यांत देशी माणसं होती तशी ब्रिटन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडचीही होती. हेतू सांगितला जात होता तो असा : भांडणाऱ्यांना एका छताखाली आणायचं, आणि देशाचा कारभार स्वच्छ करण्याची सुरुवात स्वतःपासून करायची. शंका घ्यायला याहून सोयीचं गिऱ्हाईक सापडलं नसतं.

शंका घेतलीही गेली, आणि तिला आधार होता. ही चळवळ म्हणजे 'मॉरल री-आर्मामेंट', थोडक्यात एमआरए. फ्रँक बुकमन या अमेरिकी ल्यूथरन पाद्र्यानं १९३८ साली लंडनमध्ये तिची घोषणा केली. युरोप शस्त्रं जमवत होता, तेव्हा माणसानं नीतीची शस्त्रं उचलावीत, असं त्याचं म्हणणं. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्या. आणि रोज सकाळी काही वेळ गप्प बसून आतला आवाज ऐकायचा, मनात आलेलं वहीत लिहायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. याच बुकमननं १९३६ साली एका अमेरिकी वृत्तपत्राशी बोलताना हिटलरबद्दल देवाचे आभार मानले होते, कारण त्यानं साम्यवादाला बांध घातला! हे वाक्य चळवळीला जन्मभर चिकटलं, आणि चिकटायलाच हवं होतं. पुढे कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानंही एमआरए आमच्या कामात लुडबुड करते, अशी तक्रार केली. मालक-मजुरांनी एकमेकांची मनं जिंकावीत, हे ऐकायला गोड असतं. पण पगारवाढीच्या वाटाघाटीत गोडीचा फायदा कोणाला होतो, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण जमेची बाजूही होती. १९४६ साली काही स्विस कुटुंबांनी पदरचे पैसे घालून जिनिव्हा सरोवरावरच्या को या गावातलं एक बंद पडत आलेलं मोठं हॉटेल विकत घेतलं आणि ते या चळवळीच्या हाती दिलं. युद्ध संपून पुरतं वर्ष-दीड वर्ष झालेलं नव्हतं. तिथे पुढच्या काही वर्षांत फ्रेंच आणि जर्मन माणसं शेजारी बसून जेवू लागली, एकमेकांची भांडी घासू लागली. फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या इरेन लोर या समाजवादी बाई जर्मनांचं तोंड पाहायला तयार नव्हत्या. त्यांनी तिथेच जर्मनांसमोर उभं राहून आपल्या द्वेषाबद्दल क्षमा मागितली. शूमन आणि आडेनाउअर हे दोघेही त्या घरी येऊन गेले. युरोपच्या समेटाचं सगळं श्रेय या हॉटेलाला देणं हास्यास्पद ठरेल. कोळसा, पोलाद आणि अमेरिकेची मार्शल मदत यांनी बरंच काम केलं. पण तह करायचा तर आधी समोरासमोर बसायला जागा लागते, आणि ती त्या घरानं दिली.

या कल्पनेला पाचगणीत आणणारा माणूस म्हणजे राजमोहन गांधी. महात्मा गांधी हे त्यांचे आजोबा, चक्रवर्ती राजगोपालाचारी हे आईचे वडील. वृत्तपत्राचं काम शिकायला ते एडिंबरोला 'द स्कॉट्समन'मध्ये गेले आणि तिथे एमआरएच्या माणसांत आले. १९६३ साली त्यांनी कन्याकुमारी ते दिल्ली अशी यात्रा काढली, तरुण गोळा झाले, शिबिरं झाली. १९६४ मध्ये मुंबईतून 'हिम्मत' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झालं, आणि शिबिरांना कायमचं ठिकाण हवं म्हणून पाचगणी निवडली गेली. १९६८ च्या जानेवारीत केंद्र सुरू झालं.

पाचगणी का, याला हवा आणि खोऱ्याचं दर्शन हे कारण पुरेसं होतं. पण या गावाच्या खात्यावर आधीच एक मोठा, फसलेला समेट होता. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४ च्या जुलैत गांधीजी इथे 'दिलखुशा' बंगल्यात उतरले होते. फाळणीचा पेच सोडवण्यासाठी राजाजींनी मांडलेला तोडगा त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला, आणि १७ जुलैला गांधीजींनी इथूनच जीनांना गुजरातीत पत्र लिहून भेट मागितली. प्रार्थनासभेत हिंदुत्ववादी तरुणांनी निषेधाच्या घोषणाही दिल्या. सप्टेंबरात मुंबईत मलबार हिलवर जीनांच्या बंगल्यात बोलणी झाली आणि फिसकटली. नातवानं भांडणं मिटवायचं घर त्याच गावात बांधावं, यात योगायोग किती आणि ओढ किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

केंद्राची खरी परीक्षा मात्र सह्याद्रीपासून फार लांब, आसामच्या डोंगरांत झाली. १९६० साली आसामी ही राज्याची भाषा करण्याचा कायदा आला आणि खासी, गारो, जैंतिया डोंगरांतले नेते खवळले. त्यांनी 'ऑल पार्टी हिल लीडर्स कॉन्फरन्स' स्थापन केली आणि वेगळं राज्य मागितलं. दिल्लीनं तोडगा काढायला आयोग नेमला, तोही एका मराठी माणसाच्या हाताखाली, म्हणजे हरि विनायक पाटसकर यांच्या. हिंदू वारसा कायदा संसदेत नेणारे हे कायदेपंडित. त्यांनी वेगळ्या राज्याची शिफारस केली नाही. डोंगरी नेत्यांनी अहवाल झिडकारला. शेजारी काय चाललं होतं तेही आठवा. नागा डोंगरांत दहा वर्षं बंदुका चालत होत्या. १९६६ च्या मार्चमध्ये मिझोंचं बंड झालं आणि ऐजॉलवर आपल्याच हवाई दलानं बॉम्ब टाकले. शिलाँगही त्याच वाटेनं जाईल अशी भीती अवाजवी नव्हती.

या डोंगरी संघटनेचे सरचिटणीस स्टॅन्ली निकोल्स-रॉय एशिया प्लॅटोच्या अगदी सुरुवातीच्या काळात पाचगणीला आले. डोंगरी जमातींना स्वायत्तता देणाऱ्या, घटनेच्या सहाव्या अनुसूचीला आकार देणाऱ्या रेव्हरंड निकोल्स-रॉय यांचे ते चिरंजीव. आसामी नेत्यांबद्दल त्यांच्या मनात पराकोटीचा कडवटपणा होता. इथल्या मुक्कामात मागणी सोडा असं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी ती सोडलीही नाही. द्वेष मात्र सोडायचा, असं त्यांनी ठरवलं. परत गेल्यावर ते मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहांना भेटले आणि मोकळेपणानं बोलले. चालिहाही मुरलेले मध्यस्थ. १९६४ च्या नागा शांतता पथकात ते जयप्रकाश नारायण आणि ब्रिटिश पाद्री मायकेल स्कॉट यांच्याबरोबर होते. १९६८ च्या सप्टेंबरात केंद्रानं आसामांतर्गत स्वायत्त राज्याची योजना जाहीर केली, १९६९ मध्ये संसदेत कायदा झाला, २ एप्रिल १९७० ला मेघालय अस्तित्वात आलं आणि २१ जानेवारी १९७२ ला पूर्ण राज्य झालं.

हे पाचगणीनं घडवलं का? नाही. दिल्लीला ईशान्येत आणखी एक आघाडी उघडायची नव्हती आणि डोंगरी नेत्यांचा मार्ग मुळात सनदशीर होता. पण मागणी तीच ठेवून माणूस बोलायला गेला, आणि ज्याच्याकडे गेला त्यानं दार उघडलं, याची किंमत मिझोरमकडे पाहिलं की कळते. तिथे करार व्हायला १९८६ उजाडलं.

मायकेल स्कॉट यांचं नाव आलंच आहे तर त्यांचंही सांगायला हवं. नागांच्या युद्धबंदीसाठी झटलेल्या या परदेशी पाद्र्याला भारत सरकारनं १९६६ साली देशाबाहेर काढलं. हेतू शुद्ध असेलही, पण ते नागांचा प्रश्न परदेशात मांडू लागले, आणि वाटाघाटीत एका पक्षाचे वकील झाले. पाचगणीतले परदेशी स्वयंसेवक बिनपगारी राबत, स्वयंपाकघरात कांदे चिरत, पाहुण्यांच्या खोल्या झाडत. मसुद्याला हात लावत नसत. टिकायचं कसं, हे बहुधा या फरकातच होतं. नागा बंडाचे नेते फिझो यांचे भाचे निकेतू इरालू यांनी याच चळवळीत अनेक वर्षं घालवली आणि पुढे नागा गटांच्या आपसांतल्या समेटासाठी ते नागालँडमध्ये काम करत राहिले. तेही घरचंच माणूस.

आता पैशाकडे वळू. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. 'हिम्मत'नं मान तुकवली नाही. पूर्वतपासणीचा हुकूम झाला, अनामत रक्कम मागितली गेली, छापणारे दबावाखाली माघार घेऊ लागले. तेव्हा साप्ताहिकानं वाचकांकडे हात पसरला आणि त्यांच्या छोट्या-छोट्या रकमांतून स्वतःचं छापयंत्र घेतलं. लोकशाहीसाठी या वर्तुळानं दिलेली सर्वांत कठीण लढाई अशी वर्गणीवर लढली गेली. १९७६ साली, आणीबाणीतच, सरकारनं परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आणला : राजकीय पक्ष, उमेदवार, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि वृत्तपत्रांचे संपादक, मालक, छापणारे, अगदी व्यंगचित्रकारसुद्धा, यांपैकी कोणालाही परदेशी पैसा घ्यायला बंदी. 'परकीय हाता'चा धसका घेतलेल्या सरकारनं केलेला कायदा. त्यातलं हे कलम मला तरी आजही योग्य वाटतं. ज्या हातांनी तो केला, त्यांच्या हेतूबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. 'हिम्मत' १९८१ साली बंद पडलं, तेही पैशाअभावी झगडत.

केंद्र मात्र चालू राहिलं. टाटांसारख्या कारखान्यांतले कामगार आणि व्यवस्थापक इथे एकत्र शिबिरांना येऊ लागले, पुढे सरकारी अधिकारीही प्रशासनातल्या सचोटीवर बोलायला येऊ लागले. २००१ साली चळवळीनं जागतिक पातळीवर नाव बदलून 'इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज' केलं. माजी कॅबिनेट सचिव प्रभात कुमार यांच्या पुढाकारानं दिल्लीत सुशासनासाठी वेगळी संस्था निघाली. सारख्या संशयाखाली असलेल्या परदेशी छापाच्या चळवळीकडे त्याच सरकारचे अधिकारी नीतीचे धडे गिरवायला येतात, यात विनोद आहे. पण तो संस्थेवर नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मन बदललं की व्यवस्था बदलते, हा इथला मूळ विश्वास मला अर्धाच पटतो. शिबिरातून परतलेला अधिकारी लाच घ्यायचं थांबवतो, ही मोठीच गोष्ट. पण त्याच्या बदलीचा अधिकार ज्याच्या हाती आहे तो शिबिराला आलेला नसतो. म्हणून आवारातल्या 'ग्रामपरी' या ग्रामीण शाखेचं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या कुशीत महाराष्ट्रातला तुफान पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाई-जावळीच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन डोंगर चढतात. ग्रामपरीनं झऱ्यांचा माग काढला : पाणी कुठल्या खडकात मुरतं, कुठून फुटतं ते पाहून वर चर खणायचे, खाली झऱ्याला बांधीव पेटी करायची आणि वाटप वाडीनं ठरवायचं. पायानं दांडी दाबून हात धुवायची साधी तोटीही त्यांनी शाळाशाळांत नेली. कोण किती पाणी घेणार याचा वाद मिटवणं ही लोकशाहीची खासी डोंगरांइतकीच खरी परीक्षा आहे.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडलेल्या खात्यात यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. मोठ्या संस्थेनं पैसा घेऊन खेड्यातल्या छोट्या मंडळाला द्यावा, ही वाट त्यानं बंद झाली. लबाडांना आळा घालताना झरे बांधणाऱ्यांचेही हात बांधले गेले, असं माझं मत आहे. हिशेब जरूर तपासावेत, दर वर्षी, कडक तपासावेत. पण देणगी परदेशी आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये. घर कोणी बांधून दिलं हे विचारावं, आणि त्या घरात ठराव कोणी लिहिला हेही विचारावं. एशिया प्लॅटोपुरतं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे : मेघालयाचा कायदा भारताच्या संसदेनं केला, आणि त्यासाठी बोलायला गेला तो शिलाँगचाच माणूस होता.